ला मोत-शांदेनिएची पडकी गढी: पुन्हा बांधावी की आहे तशी राखावी?

जोते:
पश्चिम फ्रान्समधील व्हिएन जिल्ह्यात, ले त्रुआ-मुतिए गावाजवळ, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली ही वास्तू उभी आहे. १३व्या शतकात ती बोसे घराण्याची गढी होती. नावातला ‘मोत’ म्हणजे तटबंदीसाठी रचलेला मातीचा उंचवटा. १९व्या शतकातील मालकांनी तिला मनोरे आणि शिखरे चढवली, आणि १९३२ मध्ये लागलेल्या आगीत छप्पर व ग्रंथसंग्रह जळून गेला. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे तिथे झाडांचेच राज्य होते. २०१७ मध्ये शंभराहून अधिक देशांतील १८ हजारांवर लोकांनी वर्गणी काढून ती विकत घेतली. माझे ठाम मत असे की, भिंती सावराव्यात, परंतु छप्पर चढवू नये. बुरुजाच्या पोटातून वर आलेल्या झाडाचा शेंडा जिथे आढे असायला हवे तिथे डोलताना दिसतो, आणि आगीनंतरचा सारा काळ त्या एका दृश्यात वाचता येतो.

कडीपाट:
मी सहमत नाही. छायाचित्रात शोभणारे ते झाड भिंतीचा घात करते. आपल्याकडच्या गढ्यांवर पिंपळ जे करतो, तेच. उघड्या भिंतीच्या माथ्यातून पावसाचे पाणी आत मुरते, चुना धुऊन जातो, आणि थंडीत त्याच पाण्याचा बर्फ होऊन दगड फुटतात. छप्पर हे दगडी घराचे पहिले संरक्षण आहे. ते नाकारून ‘भिंती सावरा’ म्हणणे म्हणजे दर काही वर्षांनी तोच खर्च नव्याने करणे होय.

खंदककाठ:
फ्रान्समधलाच प्येरफाँचा किल्ला आठवा. १६१७ मध्ये तो पाडण्यात आला, आणि १८५७ पासून सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांनी तो पुन्हा उभारला. आज तिथे जाणारा मध्ययुग पाहायला जातो, पण बरेचसे १९वे शतकच पाहून परततो. मात्र जोते, तुमच्या युक्तिवादातही एक अडचण आहे. ला मोतमध्ये नजरेत भरणारे मनोरेही १९व्या शतकातलेच आहेत, त्यामुळे मध्ययुगाच्या अस्सलपणाची ढाल इथे पुढे करता येणार नाही.

जोते:
मी मध्ययुगाच्या नावाने बोलतच नाही. आग हीसुद्धा त्या घराच्या इतिहासातली घटना आहे, आणि नवे छप्पर तीच पुसून टाकेल. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटले आहे.

कडीपाट:
इथे अंदाज कसला? आगीपूर्वीची छायाचित्रे आणि पोस्टकार्डे उपलब्ध आहेत.

जोते:
त्यांतून बाहेरचे रूप कळते. तुळया कशा बसवल्या होत्या, जिने आतून कसे वळत होते, हे कळत नाही. भिंतींच्या माथ्यावर चुन्याचा थर द्यावा, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. तो सिमेंटचा नसावा, कारण सिमेंट ओल आतच कोंडून ठेवते.