मदत हवी आहे : कॉलेजच्या नव्या वेबसाइटवर आधी काय हाती घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजची वेबसाइट नव्या रूपात सुरू झाली आहे आणि आता बारीकसारीक सुधारणा चालू आहेत. सगळ्यात मोठी डोकेदुखी जुन्या लिंक्सची. गूगलवरून येणारे विद्यार्थी अजून जुन्याच पत्त्यावर जातात आणि समोर ४०४ (‘पान सापडलं नाही’ असा संदेश) येतं. मुख्य पानांना ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्या पत्त्यावर वळवणं) लावलेत, पण विभागांच्या जुन्या पीडीएफचं काय करावं? सरसकट होमपेजवर वळवा, असं एकाने सुचवलं. मला ते पटत नाही. अभ्यासक्रम शोधणाऱ्याला होमपेजवर नेऊन सोडलं तर तो पुढे शोधणार कुठे? शिवाय गूगल अशा रीडायरेक्टला बऱ्याचदा सॉफ्ट ४०४, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरतं. सर्व्हर लॉग (कोणती फाइल किती वेळा मागितली गेली याची नोंद) बघून जास्त मागणी असलेल्या फाइल्स आधी जोडाव्यात, असं वाटतंय. कोणी हे केलं असेल तर कसं केलंत ते सविस्तर सांगा.

दुसरं म्हणजे, फी भरण्याच्या पानावर शेवटची तारीख पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरात आहे. डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या) एए या मधल्या पातळीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात तेवढा फरक, लागतो. आमचा त्यात बसत नाही. डिझाइनवाले म्हणतात, रंग मंजूर झालेत, आता बदल नको. ज्याची नजर अधू आहे त्याने ती तारीख वाचायची कशी? त्यांच्या गळी हे कसं उतरवावं?

विभागांना आपापली पानं बदलायची मुभा द्यावी का, यावरही तुमचा अनुभव सांगा.