किलीमांजारो: फेब्रुवारीत चौघं, मारांगू ५ दिवस की लेमोशो ८ दिवस?

खिंडवाट:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत टांझानियातल्या किलीमांजारोचा बेत आहे. आम्ही चौघं: मी आणि बायको चाळिशीत, मेहुणा ३४ आणि सासरे ५८. सासऱ्यांना रक्तदाबाची रोजची एक गोळी आहे, एरवी ठणठणीत, दर रविवारी सिंहगड. अनुभव सगळा सह्याद्रीतला: कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा. विरळ हवेचा अनुभव शून्य.

शिखराच्या तीन वेगवेगळ्या वाटांची तीन कोटेशनं आली आहेत. मारांगू ५ दिवस, सगळ्यात स्वस्त, मुक्काम लाकडी हटमध्ये. मचामे ६ दिवस. लेमोशो ८ दिवस, पण पैसे पहिल्याच्या दीडपट. दोन-तीन दिवसांसाठी एवढे जास्त मोजावेत का? दिवाळीत हिमालयात एक ट्रेक केला तर फेब्रुवारीत त्याचा उपयोग होईल का? कोटेशन चांगलं की नुसतं स्वस्त, हे कशावरून ओळखायचं? आणि आम्ही शाकाहारी आहोत.

कातळकडा:
मारांगूचं ५ दिवसांचं कोटेशन आधी बाजूला ठेवा. बाकीचं नंतर.

कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. किलीमांजारोवरून उतरून आपण ज्या म्वेका गेटला बाहेर पडतो, ते साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो तिथे हा डोंगर सुरू होतो, आणि पुढे ५८९५ पर्यंत जातो. सह्याद्रीने पाय दिलेत, पण उंचीची सवय दिलेली नाही. ती फक्त दिवसांनी येते.

दिवसा किती चढलात त्यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात ते मोजा. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, हा सर्वमान्य ठोकताळा. आता मारांगू बघा: पहिली रात्र मंदारा २७००, दुसरी होरोम्बो ३७२०, तिसरी किबो हट ४७०० च्या वर. दर रात्री हजार मीटरची उडी. आणि त्या तिसऱ्या रात्री झोप नाहीच, मध्यरात्री उठून शिखराकडे निघायचं. वाट सोपी आहे म्हणून लोक मारांगू घेतात, आणि तिथूनच मोठ्या संख्येने परत फिरतात. घ्यायचाच असेल तर होरोम्बोला एक जादा रात्र असलेला ६ दिवसांचा घ्या.

लेमोशो ८ दिवस असा जातो: म्ती म्कुब्वा (सुमारे २७००), शिरा १ (३५००), शिरा २ (३८५०), मग लाव्हा टॉवरपर्यंत ४६०० चढून बरांकोला ३९६० वर उतरून झोप, कारांगा (४०००), बराफू (४६७०), मग शिखर आणि त्याच दिवशी म्वेका कॅम्प (३१००), आठव्या दिवशी गेट. ठोकताळा इथेही दोनदा मोडतो, पण शिरा २ ते कारांगा तीन रात्री शरीर जवळपास एकाच उंचीवर राहतं, आणि मध्ये ४६०० ला डोकावून येतं. खरी सवय त्या तीन रात्रींत लागते.

मचामे बरांकोच्या आधीच याच वाटेला मिळतो. ६ दिवसांत कारांगाची रात्र गाळतात. म्हणजे एकाच दिवशी बरांकोची भिंत (अडीचशे मीटर, हात लावून चढायची, दोराची गरज नाही), कारांगाची दरी, बराफूपर्यंत ४६७०, आणि काही तासांत शिखराची चढाई. पैसे ताणायचे नसतील तर मचामे ७ दिवसांचा मागा. सासरे बरोबर आहेत म्हणून माझं मत मात्र लेमोशो ८.

दिवाळीचा ट्रेक जरूर करा, पण उंचीची सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते. फेब्रुवारीत तिच्यातलं काही शिल्लक नसेल. उपयोग एवढाच की कोणाचं डोकं ३५०० वर दुखतं, कोणाला जेवण जात नाही, कोणाचे बूट चावतात हे आधी कळतं.

हिशेबनीस:
कोटेशन वाचायची एक युक्ती: आधी पार्कचे (राष्ट्रीय उद्यानाचे) पैसे स्वतः मांडा. अलीकडच्या तक्त्यानुसार माणशी रोज ७० डॉलर प्रवेश, कॅम्पची रात्र ५० डॉलर, बचावाचे २० डॉलर एकदाच, आणि सगळ्यावर १८ टक्के कर. दर बदलतात, कंपनीकडून ताजा तक्ता मागा. लेमोशो ८ दिवस, ७ रात्री:

५६० + ३५० + २० = ९३० डॉलर. कर धरून साधारण ११००.

हे कंपनीच्या खिशात जात नाहीत, सरकारकडे जातात. आता कोणी ८ दिवस १४०० डॉलरमध्ये देत असेल, तर उरलेल्या ३०० मध्ये गाइड, कुक, माणशी तीन-चार पोर्टर, आठ दिवसांचं जेवण, तंबू, गाडी आणि नफा कसा बसतो? बसत नाही. पोर्टरची मजुरी आणि जेवण कापून बसवतात. म्हणून किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टच्या भागीदार कंपन्यांच्या यादीत नाव आहे का ते आधी बघा. मजुरी, राहायचा तंबू, दिवसाला तीन जेवणं, ओझ्याची मर्यादा हे सगळं ही संस्था तपासते. पोर्टरला २० किलोच्या वर ओझं द्यायचं नाही, गेटवर वजनकाटा असतो. म्हणूनच तुमची बॅग १५ किलोच्या आत मागतात.

परवानाधारक गाइडशिवाय या डोंगरावर जाताच येत नाही, त्यामुळे ‘गाइडसह’ ही काही खास सवलत नव्हे. कंपनीला लेखी विचारायचं ते हे: शिखराच्या रात्री चौघांमागे गाइड किती? एक मुख्य आणि एक सहायक असं उत्तर आलं तर थांबा. पहाटे तीनला सासऱ्यांना उतरवायला एक गेला, तासाभराने दुसऱ्या कोणाला उलट्या सुरू झाल्या, तर तिसऱ्या गाइडअभावी ठणठणीत असलेल्यांनाही परत फिरावं लागतं. चौघांना किमान तीन गाइड हवेत. शिवाय प्राणवायूचा सिलिंडर आणि ऑक्सिमीटर तुमच्याच गटाबरोबर असणार का, की ‘कॅम्पवर उपलब्ध’? या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टिप वेगळी, आणि ती ऐच्छिक म्हणतात पण धरूनच चाला. पूर्ण गटाने मिळून दिवसाला मुख्य गाइडला २० ते २५ डॉलर, सहायकाला १५ ते २०, कुकला १२ ते १५, प्रत्येक पोर्टरला ८ ते १०. चौघांत वाटून आठ दिवसांचे माणशी साधारण ३१५ ते ४८० पर्यंत जाईल. नोटा नव्या मालिकेच्या, न फाटलेल्या न्या. जुन्या नोटा तिथे कोणी घेत नाही.

वैद्यबुवा:
सासऱ्यांबद्दल. रक्तदाब आटोक्यात असेल तर ५८ हे वय आड येत नाही. प्रश्न गोळी कोणत्या जातीची आहे हा आहे. लघवी वाढवणारी असेल आणि वर डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) सुरू केली, तर पाणी आणि क्षार दोन्ही झपाट्याने जातात. नाडीचा वेग आवरणारी असेल तर चढावर दम लवकर लागतो. दोन्हींत गोळी बदलायची की मात्रा, ते डॉक्टर ठरवतील. पण जानेवारीत नको, डिसेंबरच्या आतच, म्हणजे नव्या गोळीवर सिंहगड चार वेळा चढून बघता येईल.

डायमॉक्स प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं. हे अपेक्षितच आहे, घाबरू नये. दोन गोळ्या पुण्यातच घेऊन बघा. पहिला प्रयोग ३५०० मीटरवरच्या तंबूत नको.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं हे बहुतेकांना थोडंफार होतं. तिथेच थांबलं, पाणी-आराम मिळाला की बरं वाटतं. बरं वाटेपर्यंत मात्र वरच्या कॅम्पला जाऊन झोपायचं नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घुरघुर: फुप्फुसात पाणी. आणि जीभ जड होणं, विसंगत बोलणं, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता न येणं: मेंदूला सूज. या दोन्हींवर इलाज खाली उतरणं, तेही त्याच क्षणी, रात्र असली तरी. सकाळपर्यंत बघू हे वाक्य तिथे उच्चारू नका. आणि गाइडने डोकं दुखतंय का विचारल्यावर ‘नाही नाही, मस्त’ म्हणायची आपल्याकडे जी खोड आहे, ती घरी ठेवून जा.

पीतज्वराची लस: विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर घ्याच, नाहीतर परतताना मुंबईत विलगीकरणाची कटकट होऊ शकते. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, पिवळं कार्ड टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तिथे सांगा. मोशी (किलीमांजारोच्या पायथ्याचं शहर) भागात हिवताप आहे, त्याच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

खिंडवाट:
बाप रे, भरपूर मिळालं. मारांगू रद्द. तयारी आणि जेवणाबद्दल कोणी सांगेल का? शिवाय एका ओळखीच्यांनी आधी माउंट मेरू करा असं सुचवलंय.

कातळकडा:
मेरू (४५६६ मीटर) हा उत्तम पर्याय आहे, पण ज्यांना सुट्टी आहे त्यांना. चार दिवस लागतात. रानरेड्यांमुळे बंदूकधारी रेंजर बरोबर असतो, आणि शिखराची वाट किलीमांजारोपेक्षा जास्त कड्याकपारीची आहे. लगेच पुढे किलीमांजारो केलं तर सवय कामी येते. तुमच्या गटात मात्र पाय आधीच थकवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. तेच पैसे लेमोशोमध्ये घाला.

तयारीत सगळे चढायचा सराव करतात आणि उतरायचा विसरतात. शिखराच्या दिवशी १२२० मीटर चढून लगेच २८०० मीटर उतरायचं असतं, सुरुवात भुसभुशीत वाळूसारख्या घसाऱ्यावरून. गुडघे आणि अंगठे तिथे जातात. आतकरवाडीतून सिंहगड एकाच दिवशी दोनदा करा, पाठीवर ६ किलो घेऊन, उतरताना न धावता. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सलग. आणि कात्रज ते सिंहगड रात्रीचा एकदा कराच, झोप मोडून डोक्यावरच्या दिव्यात सात-आठ तास चालण्याची दुसरी चांगली तालीम पुण्याजवळ नाही. बूट अर्धा ते एक नंबर मोठे, नखं निघायच्या आदल्या दिवशी कापलेली.

कपड्यांत दोन ठिकाणी कंजूषी नको: हातमोजे (आत पातळ, बाहेर जाड, चारही बोटं एकत्र राहणारे) आणि झोपायची पिशवी, तिच्यावर ‘कम्फर्ट’ उणे १० किंवा त्याखाली लिहिलेलं असावं. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा बघून घेऊ नका, तो जिवंत राहण्याचा आकडा असतो, झोप लागण्याचा नव्हे. पिशवी, डाउन जॅकेट, काठ्या मोशीत भाड्याने मिळतात. बूट मात्र भाड्याने नाही घ्यायचे. ते विमानात पायातच घालून जा, बॅग दोन दिवस उशिरा आली तरी ट्रेक सुरू होतो.

शिखराच्या रात्री वाऱ्यासह उणे १५-२० धरा. पाठपिशवीतून पाणी प्यायची नळी अर्ध्या तासात गोठते, म्हणून रुंद तोंडाची बाटली, मोज्यात गुंडाळून, उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, उलट्या बाटलीत तो बुडाशी जमतो आणि झाकण उघडतं. पार्कात एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या चालत नाहीत, हे बाटल्या घेताना लक्षात ठेवा.

मेतकूट:
नावाला जागून जेवणाचं मी सांगते.

शाकाहारी सांगितलं की सूप, भात, बटाटे, पास्ता, भाज्या, फळं नीट मिळतात. ‘मासेही नको, अंडं चालतं की नाही’ हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. डाळ हवी असेल तर मसूर किंवा मूग म्हणा. बराफूवर पाणी साधारण ८५ अंशालाच उकळतं, तिथे तूरडाळ कुकरशिवाय तासभर ठेवली तरी टचटचीत राहते. बराफूला पाणीही नाही, पोर्टर कारांगाच्या दरीतून डोक्यावरून आणतात. तिथे हातपाय धुवायला बादली मागू नये.

खरी अडचण मिळत नाही ही नसून जात नाही ही असते. चौथ्या दिवसापासून भूक मरते. म्हणून माणशी मेतकूट १०० ग्रॅम, लसणाची कोरडी चटणी, लिंबाचं गोड लोणचं थोडं. मऊ भात, मेतकूट आणि वर कॅम्पवरचं लोणी: काहीच उतरत नसेल तेव्हा हे उतरतं. शिखराच्या रात्रीसाठी राजगिऱ्याची वडी, जी दातांनी सहज तुटते. गुडदाणी आणि खजूर थंडीत दगड होतात, ते आतल्या खिशात अंगाशी ठेवा. तळलेलं फार नेऊ नका, वर पचत नाही.

आणि एक: टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. आपण कपडे, चटण्या, बूट सगळं कॅरीबॅगेत बांधतो, ते विमानतळावर काढून घेतात. कापडी पिशव्या आणि स्टीलचे छोटे डबे न्या.

हिशेबनीस:
विमा राहिला. पॉलिसीत ‘ट्रेकिंग’ लिहिलेलं असतं, पण उंचीची मर्यादा आतल्या पानावर असते, अनेकदा ४००० किंवा ४५०० मीटर. ६००० मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टरसह, असं लेखी घ्या.

तारीख ठरवताना पौर्णिमा बघा. चांदण्यात वाट दिसते हे खरं, पण सगळ्यांनाच ते सुचतं आणि बराफूला तंबू टाकायला जागा उरत नाही. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी शिखर धरलंत तर मध्यरात्रीनंतरही बराच वेळ चंद्र मिळतो आणि रांग कमी.

खिंडवाट:
लेमोशो ८ ठरलं. कंपनीला तीन गाइडचं आजच लिहितो. सासरे विचारतायत, स्टेला पॉइंटवरून (शिखराच्या थोडं आधीची, ज्वालामुखीच्या काठावरची जागा) परतलो तर धरतात का?

कातळकडा:
धरतात. ५७५६ मीटर, तिथलंही प्रमाणपत्र मिळतं. उहुरू, म्हणजे खरं शिखर, तिथून जेमतेम १४० मीटर वर, कड्याकडेने पाऊण ते एक तास. पण तो तास त्यांनी गाइडच्या शब्दावर ठरवावा, जावयाच्या नव्हे.