मदत हवी आहे: एका हातानं खेळायला कुठला कंट्रोलर घेऊ?

रंकाळाकाठ: सकाळपासून व्हिडिओ बघून डोकं उठलंय. एका हातानं खेळता येईल असा कंट्रोलर सांगा, आणि शनिवारच्या आत सांगा, कारण शनिवारी रात्री सगळी पोरं ऑनलाइन असतात आणि मी नुसता हेडफोन लावून त्यांचा दंगा ऐकत बसतो. मोबाईलवर खेळ असं कुणी सांगू नका.

पेठकर: भावा कुठला हात? लॅपटॉप का प्लेस्टेशन (पीएस)? गेम कुठली? काहीच सांगितलं नाहीस.

केओपी_गेमर: एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर घे, विषय कट. २०१८ पासून आहे, वर दोन मोठी बटणं, मागं ३.५ एमएमचे १९ जॅक. हवं ते बटण नाहीतर पायाचं पेडल जोडायचं.

शाहूपुरीचे_तात्या: अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंत का? एसटीत सवलत मिळते. कागद लागतात ते मी सांगतो.

उद्यमनगर: केओपी, त्या कंट्रोलरला स्वतःची, अंगठ्यानं ढकलायची स्टिक नसते ते पण सांग की. स्टिक वेगळी, स्विच वेगळे. आला तेव्हा अमेरिकेतच ९९.९९ डॉलर होता, वर हा खर्च. आधी त्याला काय जमतंय ते तर विचारा.

केओपी_गेमर: मग सोनीचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर घे, त्याला स्टिक आहे.

पेठकर: तो पीएस५ साठी आहे मर्दा.

रंकाळाकाठ: डावा हात. बाईकवरनं पडलो, खांद्याजवळच्या नसा तुटल्यात, बोटंपण हलत नाहीत. उजवा ठणठणीत. लॅपटॉपवर स्टीम (गेम चालवायचं अ‍ॅप) आहे, गेम एफसी, साधा एक्सबॉक्स कंट्रोलर घरात पडून आहे. पळायची स्टिक डावीकडं आणि पास-शॉट उजवीकडं, मी दोन्हीकडं पुरणार कसा?

निसर्गोपचार: फिजिओ सोडू नका, गेमपेक्षा ते महत्त्वाचं.

रंकाळाकाठ: चालू आहे हो. मी गेमचं विचारतोय.

एकहाती: माझा पण उजवाच चालतो, लहानपणापासून. नवीन काही घेऊ नकोस आत्ता. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जा, उजव्या स्टिकला डाव्या स्टिकचं काम दे, मग उजवीकडं पुढच्या कडेला जी दोन बटणं आहेत त्यातल्या वरच्या आरबीला पास, खालच्या आरटीला शॉट लाव, म्हणजे अंगठा पळवतो, पहिलं बोट पास देतं, मधलं बोट गोल मारतं आणि हात जागचा हलत नाही. त्यातूनही बटणं जास्त वाटली तर गेममध्येच टू बटण आणि वन बटण कंट्रोल आहेत, ते बघ. खरा त्रास वेगळाच, डावी बाजू धरायला कुणी नाही म्हणून जोरात स्टिक ढकलली की कंट्रोलर फिरतो. मी कंट्रोलरची डावी मूठ मांडीखाली उशीत दाबतो, पण दुसऱ्या हाफपर्यंत मनगट भरून येतं.

उद्यमनगर: टेबलाला क्लॅम्प करूया की. आमच्या शॉपमध्ये पट्टी वाकवून आतनं रबर लावून देतो, पैसे नकोत.

पेठकर: एफसी म्हणजे फुटबॉलच ना? मग टीमला आपल्या पाटाकडील तालमीचं नाव दे.

केओपी_गेमर: शिवाजी तरुण मंडळाचं दे. शाहू स्टेडियमवर बघितलंय आम्ही कोण खेळतंय ते.

रंकाळाकाठ: एकहाती दादा, स्टिक बदलून बघितली, माणूस पळतोय!! पास पण गेला. फक्त स्प्रिंट (जोरात पळायचं बटण) कुठं लावू? आणि उद्यमनगर, माप कसं देऊ?

एकहाती: स्टिक आत दाबली की क्लिक होते, तिथं लाव. अंगठा दुखला तर पायाच्या पेडलचं बघू.

उद्यमनगर: टेबलाची जाडी मोज आणि कंट्रोलर घेऊनच ये उद्या, चारनंतर.