रोज ४५ किमी आणि सोसायटीचं पार्किंग: इलेक्ट्रिक गाडी व्यवहारात जमेल का?

कोथरूडचा_चालक

पुण्यात कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन, वाटेतली कामं धरून रोज साधारण ४५ किमी होतात, आठवड्यातून पाच दिवस. टाटाची टियागो ईव्ही, २४ युनिटची बॅटरी असलेलं मॉडेल घ्यायचा विचार आहे. गाडी स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखाली खांबांमधल्या जागेत) असते. मीटर रूमपासून तिथपर्यंत केबलचा रस्ता ३५ मीटर होईल. घराचं कनेक्शन सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॉट. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर भागेल की ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवावा? एसी लावून ट्रॅफिकमध्ये रेंज किती उरते? आणि पावसाळ्याचं काय?

रेंजवाला

रेंजची काळजी सोडा. सुरुवातीला कागदावर ३१५ किमी लिहिलेल्या या बॅटरीतून शहरात एसी लावून १८० किमी धरून चाला. रोजच्या ४५ किमीला सहा युनिट, म्हणजे पाव बॅटरी.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा: मोटर किलोमीटरवर वीज खाते, एसी तासावर खातो. वाकडच्या कोंडीत तासभर अडकलात तर मोटरचा खर्च नगण्य असतो, पण एसी युनिटभर वीज घेऊन जातो. त्यामुळे गर्दीच्या दिवशी स्क्रीनवरचा प्रतिकिमी आकडा वाईट दिसतो, तेव्हा बॅटरी खराब झाली असं समजू नका. उन्हात तापलेल्या गाडीत पहिली दहा मिनिटं एसी सर्वात जास्त ओढतो. आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा.

वायरिंगतज्ज्ञ

खरा प्रश्न रेंजचा नाही, त्या ३५ मीटर वायरचा आहे. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचं सॉकेट मिळणार असेल तर गाडी घ्या. मिळणार नसेल आणि सगळं बाहेरच्या चार्जरवर सोडायचं असेल, तर माझ्या मते थांबा.

तुम्हाला ७.२ ची गरज नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटवरून तासाला अडीच युनिट तरी बॅटरीत जातात, म्हणजे रोजची भर अडीच तासांत होते. गाडी रात्रभर उभीच असते. ७.२ चा चार्जर ३२ अँपिअरच्या आसपास ओढतो. तुमचा मंजूर भार तेवढ्यातच ओलांडला जाईल. त्यात सकाळी २ किलोवॉटचा गिझर लागला की सिंगल फेजची ४० अँपिअरची मर्यादाही संपते. मग भार वाढवा, थ्री फेज घ्या, मीटर बदला, हे सगळं मागे लागतं.

वायर तांब्याचीच, कमीत कमी ४ चौरस मिमी. २.५ ची वायर १६ अँपिअर वाहून नेते, पण ३५ मीटरवर आठ व्होल्टच्या वर पडतात आणि वायर तासन् तास गरम राहते. ४ मध्ये पाचेक व्होल्ट पडतात. पाइप आणि मजुरी तेवढीच लागणार, म्हणून मी ६ चौरस मिमीच ओढायला सांगेन. उद्या मोठा चार्जर लावायचा झाला तर वायर बदलावी लागणार नाही. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आत्ता २० अँपिअरचाच ठेवा, कारण त्याने सॉकेटलाही सांभाळायचं आहे. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती पकडून वीज तोडणारा स्विच), पण टाइप ए. दुकानदार स्वस्तातली टाइप एसी पुढे करतो, ती चार्जरच्या बाजूने येणारी डीसी मिसळलेली गळती नीट पकडत नाही. दोन्ही मीटर रूमच्या टोकाला बसवा.

सॉकेट नवं आणि आयएसआय मार्कचं घ्या. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, गाडी सलग काही तास पूर्ण करंट ओढते. आतली पकड सैल असेल तर पिन तापते, प्लास्टिक तपकिरी होतं आणि शेवटी वितळतं. पहिल्या चार्जिंगला तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर एमसीबी पाडा आणि स्क्रू व पिन तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंग. मल्टिमीटरने मोजा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे आले पाहिजेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जास्त येत असेल तर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलाय का, पट्टीचा जोड गंजलाय का, ते बघा. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. चार्जर फसतो आणि चालू होतो, पण पुढे कधी मागचा न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. हे कुणालाही करू देऊ नका!

बिलाचा_हिशोब

महिन्याला हजार किमीच्या आसपास, चार्जिंगमधली घट धरून मीटरवर १५० युनिट. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. घरी आधीच २०० युनिट जात असतील तर शेवटचे ५० महागड्या स्लॅबमध्ये जातील, म्हणून हिशोब सरासरी दराने न करता बिलातल्या वरच्या स्लॅबने करा. स्वतःची गाडी घरच्या कनेक्शनवर घरगुती दराने चार्ज करता येते. ईव्हीचं वेगळं मीटर घेतलं तर स्थिर आकारही वेगळा भरावा लागतो. तो धरून तुलना करा.

कोथरूडचा_चालक

सविस्तर उत्तरांबद्दल सगळ्यांचे आभार. सोसायटी म्हणतेय की कॉमन मीटरवरून सबमीटर घ्या. आणि रोज १०० टक्के भरावी का?

वायरिंगतज्ज्ञ

सबमीटर टाळा. लिफ्ट-पंपाच्या लाइनवर आणखी १६ अँपिअर चढतात, आणि दुसरा-तिसरा सभासद गाडी घेऊन आला की दरावरून वाद सुरू होतात. स्वतःच्या मीटरवरून लाइन मागा. अर्जासोबत केबलच्या मार्गाचा नकाशा आणि परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडा.

पावसाचं: सॉकेट जमिनीपासून सव्वा मीटर तरी वर असू द्या. चार्जरचा डबा खुंटीला टांगा, फरशीवर ठेवू नका. गन (गाडीला लावायचा चार्जरचा प्लग) लावण्याआधी तिचं तोंड कोरडं आहे ना, बघा. पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर प्लग काढायला पाण्यात उतरू नका, वीज मीटर रूममधून बंद करा.

रेंजवाला

या गाडीची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे. रोज ८०-९० पुरेसं, पण महिन्यातून एकदा तरी खाली १०-१५ टक्क्यांपर्यंत येऊ देऊन सावकाश १०० पर्यंत भरा. या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे उरलेल्या चार्जचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरल्यावरच तो जुळतो आणि सेल समान होतात. हे टाळलं की स्क्रीनवर २० टक्के दिसत असताना आकडा एकदम घसरतो. आणि १०० टक्के भरून निघालात तर पहिले काही किमी रिजेन (पाय उचलल्यावर गाडी मंदावत वीज परत बॅटरीत भरणं) जवळपास मिळत नाही. गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावणार नाही, ब्रेक थोडा आधी दाबा.