अनुभव धागा : डॉक्टर होताना मनावर येणारा ताण

निवासी डॉक्टरांनी (पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांनी) सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावे, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत म्हटले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने सुचवलेली मर्यादा मात्र ७४ तासांची आहे. मनोविकार विभाग आपल्याच रुग्णालयात असूनही तिथे जाणे इतके अवघड का होते, याविषयी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी इथे मोकळेपणाने लिहावे. कॉलेज किंवा व्यक्ती ओळखू येईल असे तपशील कृपया टाळावेत.

एमबीबीएस, प्रथम वर्ष
मी मराठी माध्यमातून आले. ॲनाटॉमीच्या (शरीररचनाशास्त्राच्या) पहिल्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर ठाऊक होते, पण इंग्रजीत वाक्य जुळेना आणि सर पुढच्या मुलीकडे वळले. तेव्हापासून डिसेक्शन हॉलच्या दारातच तळहातांना घाम सुटू लागला. घरी फोनवर मात्र सगळे छान आहे असेच सांगत राहिले, कारण लातूरच्या क्लासच्या फीसाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे.

निवासी डॉक्टर, शल्यचिकित्सा
पहिल्या वर्षी इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी सुरू झालेली ड्युटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपे, आणि नंतर वेळ मिळाला तरी झोप लागत नसे. मनोविकार ओपीडी खालच्याच मजल्यावर होती. पण केसपेपरच्या रांगेत आमच्या वॉर्डातले नातेवाईक भेटणार, आत माझाच बॅचमेट बसलेला असणार आणि संध्याकाळपर्यंत "याला झेपत नाही" हे युनिटभर होणार, या विचाराने मी दुसऱ्या शहरातील डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या ॲसिडिटीच्या औषधाच्या डबीत ठेवत असे, म्हणजे रूममेटला शंका येत नसे. उपचारांनी मी सावरलो. ते आधीच, त्याच इमारतीत मिळू शकले असते, याचा राग अजून आहे.

प्राध्यापिका, मनोविकारशास्त्र
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि विद्यार्थीही रुग्णच असतो. आम्ही ओपीडी संपल्यानंतरची वेळ आणि वेगळी नोंदवही ठेवली, तरी सुरुवातीला कोणीही फिरकले नाही. एका वरिष्ठ निवासी डॉक्टरने नव्या बॅचसमोर स्वतःच्या उपचारांविषयी सांगितल्यावर मुले येऊ लागली. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मात्र ड्युटीचे तास तसेच ठेवून तणावमुक्तीची शिबिरे भरवणे मला पटत नाही.

निवासी डॉक्टर, स्त्रीरोग
पदव्युत्तर प्रवेशाची सीट मध्येच सोडण्याचा दंड घरच्यांना परवडणारा नव्हता, म्हणून मी थांबले. विभागप्रमुखांनी कारण न विचारता माझे युनिट बदलून दिले आणि साप्ताहिक सुट्टी ड्युटीच्या तक्त्यावर लेखी नोंदवायला लावली. पुढच्या बॅचलाही ती आता मिळते.