‘कामी आले’ की ‘हुतात्मे झाले’? शाळेच्या भिंतीतल्या एका ओळीचं भाषांतर

वेण्णाकाठ
आमच्या गावच्या (सातारा जिल्हा) शाळेच्या भिंतीत एक जुनी संगमरवरी फरशी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत असते तशीच. इंग्रजीत दोनच वाक्यं. पहिल्यात म्हटलंय की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले. दुसरं असं : ‘ऑफ दीज’, मग आकडा, मग ‘गेव्ह अप देअर लाइव्ज’. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी, न परतलेल्यांचा एक अंकी. नाव एकाचंही नाही.

भिंत पाडून नवी बांधायची आहे. फरशी नव्या भिंतीत जाईल आणि शेजारी मराठी मजकुराची दुसरी बसेल, असं ग्रामपंचायतीत ठरलं. भाषांतर माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘त्यांपैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले’. सरपंच म्हणाले ‘शहीद झाले’ लिहा. मुख्याध्यापक म्हणाले ‘हुतात्मे झाले’. गावातले निवृत्त सुभेदार म्हणाले, “कामी आले, एवढंच लिवा.”

माझं लिहिलेलंही मला पटेना. ही माणसं महिना अकरा रुपयांवर भरती झाली होती, परक्या राजासाठी, परक्या मुलखात. अर्पण कुणाला केलं? पण तसं म्हणावं तर त्यांच्या मरणाला कमी लेखल्यासारखं होतं. जाणकारांनी सांगावं.

अनुस्वार
‘हुतात्मा’च योग्य. हुत म्हणजे अग्नीत आहुती म्हणून टाकलेलं. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रुळलेला हा शब्द आज मराठीच्या रक्तात आहे. मुंबईत हुतात्मा चौक आहे, शहीद चौक नाही. मराठी शब्द हाताशी असताना कोरीव लेखात अरबी शब्द कशाला?

खडकाळ
मग त्या फरशीवर ‘पलटण’, ‘हवालदार’, ‘सुभेदार’, ‘फौज’ यांतलं काहीच लिहिता येणार नाही. ‘शिपाई’ फारसी, ‘जवान’ फारसी. ज्याच्यासाठी शब्द शोधतोय त्या माणसाचं नावच बाहेरून आलंय, आणि त्याच्या मरणाला मात्र संस्कृत हवं? भगतसिंगांना आमच्या गल्लीतलं पोरगंसुद्धा ‘शहीद’ म्हणतं, ‘हुतात्मा भगतसिंग’ म्हणायला त्याची जीभ वळत नाही. शिवाय ‘शहीद’च्या मुळाशी साक्ष देणं आहे. इंग्रजी ‘मार्टर’च्या मागचा ग्रीक शब्दही साक्षीदारच. दोन वेगळ्या भाषांना मरणाऱ्यात साक्षीदार दिसला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

अनुस्वार
साक्ष धर्मश्रद्धेची. सैनिक श्रद्धेसाठी मरत नाही, कर्तव्यासाठी मरतो.

खडकाळ
आणि आहुती कशात पडते? यज्ञातच ना?

तळेगावकर (माजी सैनिक)
दोघांनी जरा थांबा. सैन्यात ‘शहीद’ हा अधिकृत शब्द नाहीच. २०१५ साली सरकारनं लोकसभेत सांगितलं की सेनादलांच्या संदर्भात ‘मार्टर’ ही संज्ञा वापरत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्करानं सगळ्या कमांडांना पत्र पाठवून तो शब्द टाळायला सांगितलं. कारण हेच, की त्याच्या मुळाशी धर्मासाठी किंवा मतासाठी पत्करलेलं मरण आहे. कागदावर लिहितात ‘कर्तव्यावर असताना वीरमरण’, ‘सर्वोच्च बलिदान’ असं काहीतरी.

युनिटमध्ये आपसात मात्र यातलं काहीच कुणी म्हणत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा गेला, तेव्हा त्याची ट्रंक बांधताना आमचे हवालदार एवढंच म्हणाले, “ह्याचे बूट वेगळे ठेव, घरी पाठवायचेत.” शब्द गावी तयार होतात, पार्थिव आल्यावर.

मोडीवाचक
सुभेदारसाहेबांना माझा नमस्कार सांगा. ‘कामी येणे’, ‘कामास येणे’ हा जुन्या मराठी कागदांतला खास शब्द आहे. लढाईत पडलेल्याबद्दल ‘कामास आला’ म्हणून नोंद होते, आणि त्याच्या मुलाबाळांची सोय केली की त्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ म्हणतात. ‘हुतात्मा’ला कुणी बालपरवेशी दिल्याचं माझ्या वाचनात नाही, ‘कामास आला’ त्याला मिळते. या शब्दात हिशेब आहे. माणूस धन्याच्या कामावर होता, कामात गेला, आता धन्यानं त्याच्या घराकडे पाहावं. अकरा रुपयांच्या शिपायाला याच्याइतका खरा शब्द नाही.

राधिका_म
पण आजचा वाचक ‘कामी आले’ म्हणजे ‘उपयोगी पडले’ असं वाचेल. चौथीतली मुलगी विचारेल, कुणाच्या कामी?

मोडीवाचक
विचारू दे. तोच तर प्रश्न आहे.

कोकणकडा
माझी आजी महाडकडची. तिच्या तोंडून ‘पहिलं महायुद्ध’ मी कधी ऐकलं नाही, ‘जर्मनची लढाई’ म्हणायची. घाटावर काय म्हणतात?

आणि ‘धारातीर्थी पडले’ कुणी सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटलं. इतका देखणा शब्द! तलवारीची धार हेच तीर्थ.

तळेगावकर (माजी सैनिक)
देखणा आहे म्हणूनच नको. साताऱ्या-रत्नागिरीची कितीतरी माणसं सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत अल अमाराला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपले बरेच शिपाई धर्मापायी बराच काळ ते मांस खाईनात. उपासमार, स्कर्व्ही, हगवण. शरणागतीनंतर वाळवंटातून पायी नेले त्यात आणखी गेले. पोटात चार घास नाहीत म्हणून मेलेल्या माणसाला धारातीर्थ कुठून आणणार? त्याच्या मरणाला धार नव्हती.

कोकणकडा
हे मी विचारात घेतलं नव्हतं. सूचना मागे घेतो.

शिळामंदिर
आपल्या मातीत दगडावर वीर कोरायची रीत होतीच की. वीरगळ! खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर गलबतांची लढाई आहे. वेण्णाकाठ, मराठी फरशीला ‘वीरगळ’ म्हणा, प्रश्नच मिटला. वीर गळून पडला तो वीरगळ.

मोडीवाचक
‘गळ’चा गळण्याशी संबंध नाही. कानडी ‘वीरगल्लु’, त्यातलं ‘कल्लु’ म्हणजे दगड.

शिळामंदिर
कानडी व्युत्पत्ती मलाही ठाऊक आहे. पण लोकांनी शब्द उचलला तेव्हा त्यांच्या कानाला ‘गळणं’ ऐकू आलंच असणार. पानिपतानंतरची ती चिठ्ठी आठवा, ‘दोन मोत्ये गळाली’. मराठीत मोठं माणूस मरत नाही, गळतं.

मोडीवाचक
‘गळाली’ तिथं मोत्यांमुळे आलंय. सावकारी सांकेतिक पत्र आहे ते.

राधिका_म
त्या चिठ्ठीची पुढची ओळ मला जास्त छळते. पाठभेद आहेत, पण सगळ्यांत मोत्ये दोन मोजली आहेत, मोहरा मोजल्या आहेत, आणि खुर्दा, म्हणजे सुटी नाणी, किती गेला त्याची गणती नाही. १४ जानेवारी १७६१ ला जे हजारो साधे लोक गेले ते ‘खुर्दा’. आता इराकमधल्या बसऱ्याचं पहिल्या महायुद्धाचं स्मारक घ्या. चाळीस हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे तिथं. ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे लिहिले फक्त. एकशे पन्नास वर्षांनी, दुसऱ्या धन्याच्या वहीत, पुन्हा खुर्दाच. वेण्णाकाठ यांच्या फरशीवरही आकडाच आहे. आपण क्रियापदावर भांडतोय आणि वाक्याला कर्ताच नाही.

खडकाळ
अगदी. २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानंच अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं कबूल केलं.

कोकणकडा
दिल्लीच्या इंडिया गेटवर तरी तेरा हजारांहून जास्त नावं आहेत. २०२२ मध्ये तिथली अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकात विलीन केली, तेव्हा वाद याच शब्दांवर झाला. ती नावं ‘साम्राज्यासाठी लढलेल्यांची’ की ‘आपल्या सैनिकांची’?

पानिपतावरून आठवलं, ‘संक्रांत कोसळणे’ पानिपतामुळेच आलं ना?

मोडीवाचक
बहुतेक नाही. संक्रांत साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती १४ जानेवारीला नव्हतीच, काही दिवस आधी होऊन गेली होती. ‘पानिपत होणे’ मात्र शंभर टक्के तिथलं.

भीमथडी
साम्राज्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. भीमा कोरेगावच्या (१८१८ ची कंपनी-पेशवे लढाई) स्तंभाला आम्ही घरी ‘जयस्तंभ’ म्हणत आलो. आता काही जण ‘रणस्तंभ’ लिहायला लागले, म्हणजे जय कुणाचा हे बोलावं लागत नाही. दगडावर ४९ नावं आहेत, त्यांतली २२ ‘नाक’ लावलेली, म्हणजे महारांची. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते त्या नावांसाठी. कंपनीचा विजय असेल, पण ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्यांची नावं दगडावर होती. म्हणून ‘परक्या राजासाठी’ हे वेण्णाकाठ यांचं वाक्य मला इतकं सरळ वाटत नाही. आपल्या राजानं काय दिलं होतं, तेही विचारा.

अनुस्वार
हा विषय इथं नको. प्रश्न पहिल्या महायुद्धाचा आहे.

भीमथडी
त्याच प्रश्नाचा आहे. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. तुमच्या गावातून गेलेल्यांत महारवाड्यातलं कुणी होतं का? आकड्यात कळत नाही. नावं लिहिली तर कळेल.

वेण्णाकाठ
दोन दिवस इकडे येता आलं नाही. सगळं वाचलं. राधिकाताई आणि भीमथडीताई, तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी शोधल्या. आमच्या गावाचं नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं. ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक, सातारा’ अशा नोंदी आहेत. फरशीवरचा आकडा पुरा होत नाही, दोन जण अजून सापडत नाहीत.

सापडलेल्यांतल्या एकाच्या घरी गेलो. घरातल्या आजी नव्वदीच्या. ते त्यांचे चुलत आजेसासरे. मी विचारलं, “ते लढाईत वारले ना?” आजी म्हणाल्या, “वारले कुठं? बसऱ्याला ऱ्हायले.” त्या घरात शंभर वर्षं हेच क्रियापद आहे. त्यांच्या नावानं श्राद्ध किती तरी वर्षं घातलं नव्हतं, कारण सासूनं घालू दिलं नव्हतं.

तर आता नावं लिहायची आणि खाली ‘हे बसऱ्याला राहिले’ असं लिहायचं माझ्या मनात आहे. सुभेदारांना पसंत आहे. सरपंच अजून ‘शहीद’वर अडून आहेत.

अनुस्वार
‘राहिले’ हे कोरीव लेखाला चालणार नाही. पन्नास वर्षांनी कुणीही वाचेल की हे लोक तिकडे स्थायिक झाले. आणि सगळे बसऱ्यालाच गेले होते हे कशावरून? कोणी फ्रान्समध्ये गेला असेल तर?

मोडीवाचक
फ्रान्सची शंका रास्त आहे, नोंदीत स्मारकाचं नाव असतं ते पाहा. ‘राहिले’बद्दल मी अनुस्वारांशी सहमत नाही. ‘मागे राहिला’, ‘रणात राहिला’ हे मराठीच आहे.

राधिका_म
न सापडलेल्या दोघांच्या जागी काय लिहिणार?

वेण्णाकाठ
पाथरवटाला दोन ओळी कोऱ्या सोडायला सांगितल्या आहेत. इंग्रजी नोंदीत एकाचं नाव ‘रौजी’ वाचता येतंय. ते रावजी की रवजी, हे कुणाला सांगता येईल का?