समूह चिकित्सा, गटोपचार की आणखी काही?

रामबागकर: इंदुरातल्या एका समुपदेशन केंद्राच्या मराठी पत्रकात 'ग्रुप थेरपी'साठी 'समूह चिकित्सा' छापायचं घाटतंय. हिंदीत ठीक. मराठीत 'फार चिकित्सा करतो' म्हणजे कीस पाडतो. कोण येईल?

लष्करवाला: 'जिल्हा शल्यचिकित्सक' पाटी वाचून कोणी पळतं का? मूळ शब्द वैद्यकातलाच.

मांडवी: 'गटोपचार' म्हणा, सुटसुटीत.

शुद्धमती: गट देशी, उपचार संस्कृत. असा संधी होत नाही.

मांडवी: मग आधी जिल्हाधिकाऱ्यांना हटवा. जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत.

शुद्धमती: एक चूक रुळली म्हणून दुसरी करायची? त्यापेक्षा 'समूहसंवाद' घ्या.

सावली: संवाद भिशीतही होतो. 'उपचार' शब्द काढलात की जबाबदारी सैल पडते. इथे सहा ते आठ जण, एक-दोन थेरपिस्ट, गोल मांडलेल्या खुर्च्या, आठवड्याला साधारण 90 मिनिटं. त्याआधी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत. आत्महत्येच्या टोकावर असलेल्याला आधी वेगळे उपचार. 1905 मध्ये बॉस्टनला डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांचे वर्ग भरवले, त्यांत शिकवणीचा भाग मोठा होता. आता काम होतं ते सभासदांच्या आपसातल्या वागण्यावर. समजा एक बाई सगळ्यांना सल्ले देतात, स्वतःचं काही काढत नाहीत. थेरपिस्ट बाकीच्यांना विचारतो, "त्या सल्ला देतात तेव्हा तुम्हाला काय होतं?" कोणी म्हणतं, "माझं ऐकलंच नाही असं वाटतं." घरी सून जे बोलत नाही, ते इथे तोंडावर कळतं. मग त्याच बैठकीत वेगळं वागून बघता येतं.

लष्करवाला: आणि फिसकटतं कुठे?

सावली: सुरुवातीच्या बैठकांतच गळती होते. एक जण सगळा वेळ खातो नि थेरपिस्ट भिडेखातर अडवत नाही. कधी सगळे मिळून एकालाच धारेवर धरतात. तिथे थेरपिस्टनं मध्ये पडायलाच हवं. दोघं बाहेर चहाला भेटले तर ते गटात सांगायचं, आणि गटातलं मात्र बाहेर न्यायचं नाही. इंदुरातली मराठी घरं नात्यागोत्यात गुंतलेली. विहिणी-विहिणी एका गटात आल्या की दोघी गप्प, म्हणून नाती मुलाखतीतच तपासावीत.

मांडवी: पण 'सभासद' का? वर्गणी मागतील असं वाटतं.

शुद्धमती: सभासद शुद्ध संस्कृत आहे, राहू द्या.

लष्करवाला: 'सहभागी' बरं.

रामबागकर: अहो, मथळ्याचं काय? छापखानेवाला खोळंबलाय.

शुद्धमती: 'मुद्रणालय' म्हणा.